आजी आता कोठे आहे?

शास्त्रभाग : दानीएल १२:१-३, मार्क १२:१८-२७, १ करिंथ. १५:२०-२३

पितृपंधरवड्यात डिचोली-पेडण्याकडे घरोघर म्हाळ होतात. कावळ्यासाठी घास ठेवतात. २ नोव्हेंबरला कॅथोलिक शेजारी कबरींवर मेणबत्त्या लावतात. हे पाहून एखादे मूल रविवारच्या शाळेत विचारते, "बाई, आमची आजी आता कोठे आहे?" आपण "तारा झाली" असे सांगून मोकळे होतो, परंतु शास्त्र असे म्हणत नाही.

प्राचीन इस्राएल लोकांची समजूत अशी होती की, बरेवाईट सारेच मेल्यावर अधोलोकात जातात. इब्री भाषेत त्याला 'शिओल' म्हणत. तेथे काम नाही, ज्ञान नाही, देवाचे स्तवनही नाही (उपदेशक ९:१०, स्तोत्र ६:५).

पुढे इ. स. पूर्वी १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस राजाने नियमशास्त्र पाळणाऱ्यांचा छळ केला. विश्वासू माणसेच मारली गेली. देव न्यायी आहे, तर यांचा न्याय केव्हा होणार? मातीत निजलेले उठतील, हे दानीएलाचे वचन (१२:२) त्या प्रश्नाचे उत्तर होते. पुनरुत्थानाची आशा देवाच्या न्यायावरील विश्वासात रुजलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रभूच्या काळी परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी मानीत नसत (प्रेषित. २३:८). येशूने सदूक्यांना मोशेच्याच ग्रंथातून दाखविले की, अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव हा जिवंतांचा देव आहे.

इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण मरण पावले, तेव्हा बाकीचे घाबरले. पौलाने त्यांना रडू नका असे सांगितले नाही, आशा नसलेल्यांसारखे रडू नका, असे लिहिले (१ थेस्सल. ४:१३-१८). करिंथकरांना त्याने ख्रिस्त हा प्रथमफळ आहे असे सांगितले. चवथीच्या सणात गोव्यात नव्या भाताची कणसे घरी आणतात. मूठभर कणसे घरात आली की मागे सारे शेत पिकत आहे, हे शेतकऱ्याला कळते. ख्रिस्ताचे उठणे तसेच आहे.

तेव्हा शिक्षकहो, मुलाला एवढेच सांगा : "विश्वासात निजलेली आजी प्रभूजवळ आहे (फिलिप्पै. १:२३), आणि प्रभू तिला उठवील." शेजाऱ्याच्या म्हाळाची थट्टा मात्र होऊ देऊ नका, तोही आपल्या माणसांची आठवण करीत असतो.

मननासाठी प्रश्न :
१. 'आत्मा अमर आहे' आणि 'देव मेलेल्यांना उठवितो' यांत फरक काय?
२. शोक करणाऱ्या घरी आपण कोणते शब्द बोलतो?