शुल्क भरण्यापूर्वी : संकेतस्थळ-रचनेच्या अभ्यासक्रमाची निवड

पनवेल हे पूर्वापार व्यापाराचे गाव. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली व २०१६ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९७० मध्ये सिडको अस्तित्वात आल्यावर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर निर्वाह करणाऱ्या कुटुंबांच्या पुढील पिढ्यांना नवे व्यवसाय शोधणे त्यामुळे भाग पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि या भागातील तरुणांच्या अपेक्षा आणखी उंचावल्या. ‘वेब डिझाइन शिका, नोकरी मिळवा’ अशा पाट्यांकडे त्यांचे लक्ष वेधले जाते, यात नवल नाही.

तालुक्यातील एका गावचे गृहस्थ मध्यंतरी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. जमिनीच्या मोबदल्यातून उरलेली रक्कम त्यांनी मुलाच्या अशाच एका वर्गासाठी खर्च केली होती. प्रमाणपत्र मिळाले होते. परंतु मुलाला स्वतःच्या हाताने एक पानही उभे करता येत नव्हते. “साहेब, कोर्स सरकारमान्य आहे ना?” एवढाच प्रश्न त्यांनी प्रवेशाच्या वेळी विचारला होता. प्रश्न रास्त होता, पण अपुरा होता. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्याकडे पालक वारंवार सल्ल्यासाठी येतात. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती देत आहोत.

काम कोणते, हे आधी समजून घ्यावे

मासिकाचे पान लावताना मजकूर, त्याची मांडणी आणि वाचकाची सोय या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. संकेतस्थळाचेही तसेच आहे. एचटीएमएल या भाषेने मजकुराचा सांगाडा उभा राहतो. सीएसएसमुळे अक्षर, रंग व मांडणी ठरते. आणि जावास्क्रिप्टमुळे पान वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली, तर सीएसएसचे पहिले प्रमाणित रूप १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या तिन्हींत पुष्कळ सुधारणा झाल्या, तथापि त्यांचे महत्त्व आजही टिकून आहे.

याउलट उदाहरण ‘फ्लॅश’ या साधनाचे. एके काळी हलत्या चित्रांच्या संकेतस्थळांसाठी त्याचा मोठा बोलबाला होता व अनेक वर्गांतून ते शिकविले जात असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्या कंपनीने त्याचा आधार काढून घेतला. केवळ तेच साधन शिकलेल्यांना पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागली; ज्यांचा पाया पक्का होता, त्यांनी नवे साधन आत्मसात केले. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साधे पान काही क्षणांत तयार करून देऊ लागली आहेत. अशा वेळी तयार झालेल्या पानातील चूक ओळखणे आणि ती दुरुस्त करणे यालाच अधिक मोल आहे. म्हणून साधनांच्या नावांची यादी जितकी लांब तितका अभ्यासक्रम चांगला, हा समज सोडून द्यावा.

उपलब्ध मार्ग

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. शासकीय नोकरीच्या दृष्टीने तो उपयुक्त असला, तरी त्याने संकेतस्थळ-रचनाकार घडत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक व आज्ञावली सहायक, हा दहावीनंतरचा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम असून त्यात संकेतस्थळाची प्राथमिक ओळख करून दिली जाते. पनवेल येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. त्या वर्षी तेथे अथवा जवळच्या संस्थेत हा व्यवसाय उपलब्ध आहे काय, याची चौकशी प्रथम करावी. केंद्र शासनाच्या नाइलिट संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेत चार विषयांपैकी एक संकेतस्थळ-रचना व प्रकाशन हाच आहे आणि प्रकल्पही करावा लागतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातून मुक्त संगणक-प्रणालींचे पाठ विनामूल्य मिळतात. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत.

खाजगी वर्ग सर्वच निकृष्ट असतात असे नव्हे. काही ठिकाणी उत्तम शिक्षक मिळतात. मात्र पारख पालकांनाच करावी लागते.

विचारावयाचे सहा प्रश्न

१. संपूर्ण अभ्यासक्रम तासांसह लेखी मिळेल काय? सांगाडा, मांडणी व प्रतिसाद या तिन्ही गोष्टी हाताने लिहून घेतल्या जातात काय? लहान मोबाइलवर पान नीट दिसावे म्हणून काय शिकविले जाते?

२. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली संकेतस्थळे पाहावयास मिळतील काय? भिंतीवरील छायाचित्रांपेक्षा हा पुरावा महत्त्वाचा.

३. शिकविणार कोण? एक-दोन दिवस वर्गात बसून पाहण्याची मुभा आहे काय?

४. प्रमाणपत्र कोणती संस्था देते? तिच्या मान्यतेची खातरजमा वर्गचालकाकडे न करता थेट त्या संस्थेकडेच करावी.

५. एकूण शुल्क किती, पावती कोणाच्या नावाची आणि मध्येच सोडल्यास परतावा किती? ‘सुलभ हप्ते’ म्हणजे पुष्कळदा वित्तसंस्थेचे कर्ज असते. वर्ग बंद पडला तरी त्या हप्त्यांचा तगादा राहू शकतो. वाचल्याविना सही करू नये.

६. नोकरीची हमी असल्यास ती लेखी आहे काय, आणि कोणत्या अटींवर? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

मराठी पानाची कसोटी

आपल्या भागातील उमेदवाराने आणखी एक गोष्ट अवश्य शिकावी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, हा अनुभव कार्यालयांना नवा नाही. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा त्यात समावेश आहे. तरीही मराठी जोडाक्षरे, ओळींतील अंतर आणि अक्षराचा आकार यांकडे बहुतेक वर्गांत दुर्लक्ष होते. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती दिव्यांगांनाही सुलभ असावी असा दंडक घातला आहे. दृष्टिहीन व्यक्ती संगणकाकडून पान वाचून घेते. चित्राला शब्दांत वर्णन दिलेले नसेल तर तिला ते चित्र समजत नाही. हे जाणणारा मराठी रचनाकार शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत अशा सर्वांनाच हवा आहे.

पहिला महिना घरीच

शुल्क भरण्यापूर्वी उमेदवाराने एक महिना विनामूल्य पाठांच्या साहाय्याने घरी अथवा शाळेच्या संगणकावर सराव करावा. साध्या मजकूर-लेखन सुविधेत आपल्या गावाविषयी मराठीत एक पान तयार करावे. त्यात गावाची ओळख, बसच्या वेळा, आरोग्य उपकेंद्राची माहिती व एक छायाचित्र असावे. ते मोबाइलवर उघडून गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस दाखवावे. त्यांना हवी ती माहिती चटकन सापडली नाही, तर का सापडली नाही याचा शोध घ्यावा. या शोधात ज्याचे मन रमते, त्याने पुढील शिक्षण घ्यावे. ज्याला कंटाळा आला, त्याचा केवळ एक महिना गेला. घरची पुंजी शाबूत राहिली.

शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गांत हा प्रयोग करून पाहावा. पंचायतींनी वरील सहा प्रश्न सूचनाफलकावर लावावेत आणि सार्वजनिक वाचनालयात संगणकाची सोय असल्यास तो सायंकाळी तरुणांना खुला ठेवावा. जमीन एकदाच जाते आणि तिचा मोबदलाही एकदाच मिळतो. तो मुलांच्या शिक्षणावर खर्च करणे योग्यच आहे. परंतु पावतीवर सही होण्यापूर्वी जाणत्या माणसाने पालकांसोबत बसून हे सहा प्रश्न विचारून घ्यावेत, एवढीच अपेक्षा आहे.