शाळा पाच, नको?

अगं, काल रात्री तू पाठवलेली ती सात घरं बघितली. प्रत्येक घरापुढे तू एवढंच लिहिलंस : शाळा ९, शाळा ८, शाळा ५ (नको). स्वयंपाकघरात ऊन येतं का, ऑफिस किती लांब, काहीच नाही. त्या ‘नको’पाशी मी बराच वेळ थांबले. बारा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घर शोधताना मीही अशीच यादी केली होती आणि आत पाऊलही न टाकता एका शाळेवर काट मारली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला मनातलं सांगते.

आधी तो दहापैकी आकडा येतो कुठून ते बघ. त्यामागे बऱ्याच अंशी परीक्षेतले टक्के असतात. इथल्या पब्लिक शाळांत तिसरीपासून आठवीपर्यंत दर वर्षी राज्याची परीक्षा असते, इंग्रजीची आणि गणिताची. माझ्या लेकीच्या वेळी गुण ६५० ते ८५० मध्ये मिळायचे आणि ७५० ला रेघ असायची. शाळेच्या नावापुढे जे टक्के दिसतात ते रेघेच्या वर किती मुलं, एवढंच सांगतात. आता एखादं पोर वर्षभरात ६९० वरून ७४५ वर आलं, तर त्याच्या बाईंनी जिवाचं रान केलेलं असतं. पण टक्के तिथल्या तिथेच. आणि घरातूनच वाचायला शिकून आलेलं मूल ७८० वरून ७६० वर घसरलं, तरी ते रेघेच्या वरच.

तुझी सोनुली सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार. किंडरगार्टन, पहिली, दुसरी या वर्गांना ही परीक्षाच नसते. म्हणजे पुढची तीन वर्षं ती ज्या वर्गात बसेल, ज्या बाईंकडे शिकेल, त्यांच्याबद्दल परीक्षेतले ते टक्के एक अक्षरही बोलत नाहीत.

टक्के खोटे नसतात गं. पण ते शाळेपेक्षा आईबापांबद्दल जास्त बोलतात. १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सहा लाखांच्या आसपास मुलांची माहिती गोळा करून हेच दाखवलं होतं, की मुलांच्या गुणांमधल्या फरकाचा संबंध सगळ्यात जास्त घराशी लागतो. पुढे स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातले निकाल वेगळ्या पद्धतीनं मांडले : मूल कुठे आहे हे न बघता किती पुढे सरकलं ते बघितलं. शिकागोची गोष्ट मला त्यातूनच कळली. तिथली बरीचशी मुलं गरीब घरांतली, तिसरीतले गुण देशाच्या सरासरीच्या खाली. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती सरासरी सहा वर्षांचं शिकत होती. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नुसते टक्के बघणाऱ्या कुठल्या आईनं त्या शाळा निवडल्या असत्या?

म्हणून तू राज्याचा शाळा-अहवाल उघड आणि त्यात ‘ग्रोथ’ शोध. आदल्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते, त्यांच्या तुलनेत ही मुलं किती सरकली ते तिथे असतं. ५० म्हणजे मधोमध. मग गैरहजेरी बघ. १८० दिवसांच्या वर्षात १८ किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती? ग्रोथ कमी आणि गैरहजेरी खूप, असं दोन्ही दिसलं तर मीच म्हणेन, थांब, चौकशी कर.

आता जे फोनवर बोलायला तू कचरलीस ते. कुठल्या वंशाची किती मुलं, गरीब किती, इंग्रजी शिकणारी किती, हा तक्ता बघून तुझ्या पोटात गोळा आला ना? गरिबीचा आकडा बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा सवलतीच्या जेवणावरून धरतात. केंद्राच्या नियमानं दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या घरातलं मूल त्यात येतं. रात्रपाळी करणाऱ्या नर्सिंग असिस्टंटचं मूल, दुकानात उभं राहून काम करणाऱ्याचं मूल. आणि ‘इंग्रजी शिकणारी’ कोण? नाव घालताना तुला एक फॉर्म देतील, घरी कुठली भाषा बोलता? तू मराठी लिहिलंस की सोनुलीची इंग्रजीची चाचणी होईल आणि कदाचित तीही त्याच रकान्यात जाईल. भीतीपोटी कितीतरी आया तिथे ‘इंग्लिश’ लिहून टाकतात. तू तसं करू नकोस. त्या रकान्यामुळे तिला जास्तीच्या बाई मिळतील. आजीशी ती मराठीतच बोलते, हे लपवण्यासारखं नाही.

मी काट मारलेल्या त्याच शाळेत हल्ली दर मंगळवारी लायब्ररीत मदतीला जाते. दुसरीतला एक मुलगा ऑक्टोबरात ग्वाटेमालाहून आला. पहिले काही आठवडे तो नुसतं पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून बसायचा. इंग्रजीच्या बाई रोज वीस मिनिटं त्याला घेऊन बसायच्या. मे महिन्यात त्यानं बेडकाचं एक अख्खं पुस्तक मला वाचून दाखवलं, एका शब्दाला अडला, मागे गेला आणि पुन्हा वाचलं. दुसरीतला म्हणून त्याची राज्याची ती परीक्षाच नाही. ते वाचणं त्या टक्क्यांत आलंच नाही.

शनिवारी घरं बघायला जाशील, पण त्याआधी शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी काढ. ५ च्या त्या शाळेत फोन करून वेळ घे, किंडरगार्टनच्या वर्गात थोडा वेळ बस आणि बाई किती वर्षं तिथे आहेत ते विचार. शाळा सुटताना दारात उभी राहून मुलं कशी बाहेर येतात तेही बघ. मग रात्री मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.