पुनरुत्थान आणि पुनर्जन्म : शब्द जवळचे, अर्थ दूरचे



आपल्यापैकी पुष्कळांच्या नात्यागोत्यात ख्रिस्ती घरे आहेत. अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुढे त्या जिल्ह्यातील महारवाड्या-मांगवाड्यांतली कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मामा ख्रिस्ती आणि भाचा बौद्ध, हे तिकडे नवल नाही. मयतीला आपण एकमेकांच्या दारी जातो. तिथे पाळकसाहेब सांगतात की, आमचा हा भाऊ प्रभूमध्ये झोपी गेला आहे, शेवटच्या दिवशी तो उठेल. आपला माणूस हे ऐकतो आणि घरी येऊन म्हणतो, "म्हणजे पुनर्जन्मच की! सगळे धर्म शेवटी एकच सांगतात."

तसे नाही. हा फरक कळला नाही, तर दुसऱ्याचा धर्म तर कळत नाहीच, पण आपला धम्मही हातचा निसटतो.

ख्रिस्ती माणूस पुनरुत्थान म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा नसतो. जन्म एकदाच, मरण एकदाच आणि मग न्याय, अशी त्याची श्रद्धा आहे. उठायचे आहे ते शरीरच. ते बदललेले असेल, नाश न पावणारे असेल, परंतु माणूस तोच. म्हणून त्यांच्यात पुरण्याला इतके महत्त्व. कॅथॉलिक चर्चने तर १९६३ सालापर्यंत दहनाला मनाईच केली होती. आज परवानगी आहे, तरी पसंती दफनालाच आहे.

या श्रद्धेचा उगम पाहण्यासारखा आहे. येशूच्या आधी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी यहुदी लोकांवर परक्या राजाने आपला धर्म लादला. जे वाकले नाहीत ते मारले गेले. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, नीतीने वागून जे हकनाक मेले, त्यांना न्याय कधी मिळणार? ईश्वर त्यांना उठवील, हे उत्तर त्या काळच्या दानीएलच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. सर्व यहुद्यांनी ते मानले असेही नाही. परुशी पंथ मानत असे, सदूकी पंथ मानत नसे. हे सदूकी कोण? मंदिराचे पुरोहित आणि धनवान यांचा त्यांत भरणा होता. ज्यांचे याच जगात बरे चालले होते, त्यांना दुसऱ्या न्यायाची गरज वाटली नसावी. हा माझा तर्क आहे, पण शिवेबाहेर राहिलेल्या माणसाला तो पटेल.

येशूला रोमन सुभेदार पिलात याच्या हुकुमाने वधस्तंभावर मारण्यात आले. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी दिसली, आणि ती प्रथम पाहिली स्त्रियांनी, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो की, ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा विश्वास फुकट आहे. पौलाने काही झाकून ठेवलेले नाही. ख्रिस्ती धर्माचा सारा डोलारा त्याने या एका घटनेवर उभा केला आहे. मेल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत मृत कुठे असतात, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. कॅथॉलिक लोक मृतांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबर हा त्यासाठीचा खास दिवस आहे; प्रॉटेस्टंट ते मानत नाहीत. त्या वादात आपल्याला शिरायचे कारण नाही.

आता आपल्याकडे पाहा. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी नेमका हाच धोका ओळखला आहे. शब्द सारखा असला म्हणजे अर्थ सारखा असत नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी पहिलाच शब्द घेतला तो पुनर्जन्म. ते दोन प्रश्न वेगळे करतात. पुनर्जन्म कशाचा? आणि पुनर्जन्म कोणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातील द्रव्ये मृत्यूनंतर नष्ट होत नाहीत, ती विश्वातील आपापल्या द्रव्यांना जाऊन मिळतात. त्यांचे पुन्हा काही घडते. पण मेलेला तोच माणूस परत येतो काय? तीच सारी द्रव्ये पुन्हा एकत्र आली तरच, आणि तसे होणे फार असंभवनीय. आत्म्याला इथे जागाच नाही. म्हणजे ब्राह्मणी पुनर्जन्मात आत्मा परततो, ख्रिस्ती पुनरुत्थानात देह उठतो, आणि धम्मात तोच मनुष्य ना असा परततो, ना तसा.

मग दुःखाचे काय? घरात पोर गेले असता आईला द्रव्यांचा हिशोब सांगून भागेल काय? येथे दोन कथा शेजारी ठेवून वाचा. योहानाच्या शुभवर्तमानात लाजर मरून चार दिवस झालेले आहेत. बहिणी आक्रोश करतात, येशू स्वतः रडतो आणि मग हाक मारून त्याला कबरेतून बाहेर बोलावतो. ख्रिस्ती घराला यातून मोठा धीर मिळतो. त्याची टिंगल आपण करू नये. दुसरी कथा श्रावस्तीची. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरते. भगवान तिला परत पाठवीत नाहीत, उपदेशही करीत नाहीत. ज्या घरात कधी कोणी मेले नाही, अशा घरातून मूठभर मोहरी आण, एवढेच सांगतात. मोहरी घरोघरी होती. तसे घर मात्र एकही नव्हते. दारोदार तिला तिच्यासारखीच माणसे भेटली. मूल उठले नाही. ती मात्र त्याला स्मशानात ठेवून स्वतःच्या पायांनी परतली आणि पुढे भिक्षुणी झाली.

ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा तरी एकसंध आहे. आपले काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा झाली. तरी दहाव्याला कावळा शिवतो की नाही म्हणून मान वर करून पाहणारे बौद्ध मी पाहिले आहेत. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि शोकपत्रिकेवर 'स्वर्गवासी'! ख्रिस्ती माणूस 'ख्रिस्तवासी' लिहितो, कारण तो तसे मानतो. आपण कोणता स्वर्ग मानतो? आपल्याला 'कालकथित' हा शब्द आहे. छापखान्यात मजकूर देताना तोच द्या. पुण्यानुमोदनाला जमलेल्यांना त्रिशरण-पंचशील झाल्यावर गेलेल्या माणसाची चांगली कामे सांगा, आणि जमल्यास त्याच्या नावाने एखाद्या गरीब मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचला.

लहान मुले विचारतात, "आजी कुठे गेली?" तारा झाली, देवाघरी गेली, असे सांगून मोकळे होऊ नका. आजी मेली, ती आता परत येणार नाही, हे जवळ घेऊन सांगा. मग तिने काय काय शिकवले ते मुलालाच आठवायला सांगा. चौथ्या खंडातला पुनर्जन्मावरचा भाग थोड्याच पानांचा आहे. येत्या रविवारी विहारात तो मोठ्याने वाचायला घ्या. वाचणारा शिकलेला मुलगा असेल तर त्याला सावकाश वाचू द्या, आणि म्हाताऱ्या बायांनी मध्येच प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नका.