बोनेटखालचा निळा रंग

आमची एस्टीम २००१ची, चंदेरी रंगाची. घेतली बाबांनी, आता चालवते मी. पंधरा वर्षं भरली तेव्हा २०१६ला तिचं री-पासिंग करून घेतलं, २०२१ला पुन्हा. दोन्ही वेळा घरात विषय निघाला, विकायची का? दोन्ही वेळा बाबा काही न बोलता बोनेट उघडून उभे राहिले आणि विषय तिथेच मिटला. त्या बोनेटखालचे काळे रबरी होज काढून मी निळे सिलिकॉनचे बसवले. सुरुवात निव्वळ हौसेतून झाली. चंदेरी गाडीला निळा रंग शोभेल असं मला वाटलं, आणि ते कारण मला आजही पुरेसं वाटतं. पण त्या रंगाच्या मागे लागून जे हाती आलं ते लिहून ठेवते. या कामाला हात घालणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. चकाकणारा होज चांगला असतोच असं नाही

निळे होज आणण्याआधी मी काळ्यांनाच नटवत होते. डॅशबोर्डचं पॉलिश फडक्यावर घ्यायचं आणि दर रविवारी होज पुसायचे. वीस वर्षांचं रबर नव्यासारखं दिसायचं.

मे महिन्यात बाबांना घेऊन वाईला निघाले. खंबाटकीचा चढ, पुढे मालट्रकांची रांग, गाडी दुसऱ्या गिअरवर, एसी चालू. तापमानाचा काटा वर चढताना दिसला आणि गाडी कडेला घेईपर्यंत बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. वरचा होज रेडिएटरच्या तोंडाशी, क्लिपच्या बोटभर अलीकडे फाटला होता. बाहेरून अजूनही तुकतुकीत.

बाबांनी पाऊण तास रेडिएटरच्या टोपणाला हात लावू दिला नाही. अशा टोपणावर ०.९ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या बारने जास्त दाब ते आत धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १००ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. गरम असताना टोपण फिरवलं की दाब एकदम जातो आणि आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. होज फाटला असला तरी आत किती दाब उरलाय ते बाहेरून कळत नाही. म्हणून थांबायचं. एका ट्रकच्या क्लीनरने पाण्याचा कॅन दिला, बाबांनी होजचं फाटकं टोक कापून उरलेला तुकडा ओढूनताणून बसवला आणि एसी बंद ठेवून आम्ही हळूहळू वाई गाठली.

घरी आल्यावर तो होज उभा चिरून पाहिला. आतल्या बाजूला टोकाजवळ, लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक चिरा होत्या. धातूचं तोंड, कूलंट आणि काळं रबर यांचं मिळून एक बॅटरीसारखं जोडकाम तयार होतं. त्यातल्या अगदी क्षीण विजेने रबर आतून चिरत जातं, कूलंट चिरांतून आतल्या कापडी विणीपर्यंत पोचतं आणि एक दिवस वीण हार मानते. हे सगळं टोकांशी घडतं, बाहेर काहीच दिसत नाही. तेव्हापासून रबरी होज मी मधोमध दाबत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपपासून दोन बोटांवर चिमटीत धरून दाबते. तिथे मधल्या भागापेक्षा जास्त भुसभुशीत लागलं तर तो होज गेला.

२. काळा हा हौसेचा रंग नाही

होज काळेच का असतात, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. रबरात काजळी घालतात, कार्बन ब्लॅक. ती रबराला ताकद देते, ऊन आणि ओझोनपासून वाचवते. टायर काळे असतात तेही याच कारणाने. काजळी काढून निळा रंग घातला तर रबर निळं होईल, पण लेचंपेचं होईल. आणि वर सांगितलेल्या विजेच्या खेळात रबरातून वीज वाहते तीही याच काजळीमुळे.

सिलिकॉनची गोष्ट वेगळी. त्याला बळ देतात ते सिलिकाची बारीक पूड घालून, आणि ती पांढरी असते. त्यामुळे त्यात हवा तो रंग मिसळता येतो. आत कापडाचे तीन किंवा चार थर असतात. चांगला सिलिकॉन होज उणे ५० ते १८० अंशांपर्यंत टिकतो. इंजिनातलं कूलंट एरवी नव्वदीच्या आसपास असतं, म्हणजे भरपूर वाव आहे. लाल होजमध्ये अनेकदा आयर्न ऑक्साइड असतं, गेरूचाच भाऊबंद, आणि ते सिलिकॉनला उष्णता सोसायला मदतही करतं. हे कळल्यावर लालच घ्यावा की काय, असा दोन दिवस विचार केला. पण माझ्या मनात निळाच होता.

३. कापलेलं टोक बघूनच पैसे द्या

पुण्याच्या नाना पेठेत पहिल्या दुकानात जो निळा होज हातात आला तो रबराचाच होता, वरून निळा थर दिलेला. टोकाकडे पाहिलं तर आत काळं. दुसरा पूर्ण निळा, पण कापडाचा एकच थर, आणि दाबला की हातात चपटा. तिसऱ्या दुकानातून मी आधी फक्त वीतभर तुकडा घेतला. त्याची चकती कापून घरी गच्चीवर चिमट्यात धरून जाळली. खरं सिलिकॉन जळतं तेव्हा मागे पांढरी राख उरते, कारण ती सिलिका असते. रबर काळा धूर ओकतं आणि काजळी सोडतं. राख पांढरी पडली, मग पूर्ण संच आणला. त्या किमतीत काळ्या रबरी होजचे दोन संच सहज आले असते, हे आधी सांगितलेलं बरं.

४. काही पाइप काळेच राहू द्या

हा मुद्दा मला सगळ्यांत कळकळीने सांगायचा आहे, कारण हौस इथेच जिवावर बेतू शकते.

पेट्रोलच्या पाइपला साधं सिलिकॉन कधीही लावू नये. पेट्रोलने ते फुगतं, मऊ पडतं आणि अंगातून वाफ झिरपू देतं. इंजेक्शनच्या गाडीत त्या पाइपात साधारण तीन बारचा दाब असतो आणि हातभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट असतो. दुकानात ‘चालतंय की ताई, सगळे लावतात’ असं मला सांगितलं गेलं. चालत नाही. उलट पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आमच्या गाडीचं रबर त्या काळाचं नाही, म्हणून मी पेट्रोलचा पाइप बदलला तो इथेनॉल सोसणारा, इंजेक्शनच्या दाबाचा, अंगावर तसा छापील शिक्का असलेला. काळा कुळकुळीत आहे. मला तो निळ्यांइतकाच देखणा वाटतो.

इंजिनाच्या ब्रीदरचा पाइपही तसाच ठेवला. त्यातून तेलाची वाफ येते आणि तेलाने साधं सिलिकॉन लिबलिबीत होतं. पॉवर स्टिअरिंग आणि एसीचे पाइप तर पूर्ण वेगळ्याच जातीचे, त्यांच्याकडे बघायचंही नाही.

ब्रेकच्या बूस्टरचा पाइप रंगीत करायचा मोह मलाही झाला. तो अगदी समोर दिसतो, त्यामुळे उरलेला एकटा काळा डोळ्यांत खुपतो. पण त्यातून इंजिन हवा ओढत असतं. पातळ भिंतीची रंगीत नळी त्या ओढीने आतल्या आत चपटी होते, बूस्टरची मदत थांबते आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. घाट उतरताना हे झालं तर काय, एवढाच विचार केला आणि हात मागे घेतला.

बारीक व्हॅक्यूम नळ्या मात्र निळ्या केल्या. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर आले आणि त्यांनी त्यातलीच एक कुरतडली. आयडलिंग वरखाली होऊ लागलं, तेव्हा शोधताना ते सापडलं. मऊ सिलिकॉन उंदरांना आवडतं असं दिसतंय. काळ्या नळ्यांना वीस वर्षांत दात लागला नव्हता. आता मीटरभर सुटी नळी जवळ ठेवते.

५. होज नाही, तोंड मोजा

जुना होज वर्षानुवर्षं ताणून फुगलेला असतो, त्याचं माप खोटं निघतं. ज्या तोंडावर तो चढतो त्याचा बाहेरचा व्यास वर्नियरने घ्यायचा, आणि टोकाला जी उंचावलेली कड असते ती सोडून, तिच्या मागे. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकाने गळती लागते. क्लिप आवळून तो फरक भरून निघत नाही.

आणि सरळ होज वाकवून वळण देऊ नये. तो मुडपतो आणि पाणी अडतं. ४५ आणि ९० अंशांचे तयार कोपरे मिळतात, ते अॅल्युमिनियमच्या जोडनळीने जोडायचे. जोडनळीच्या दोन्ही टोकांना कड हवीच, नाहीतर दाब आला की होज घसरून बाहेर येतो. खालच्या होजची जास्त काळजी घ्यावी, कारण तिथून पंप पाणी ओढतो आणि त्या ओढीने मऊ होज चपटा होऊ शकतो.

६. उपसू नका, चिरा

जुना होज तोंडाला चिकटून बसलेला असतो. त्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तुटतं, आणि मग होजचं काम रेडिएटरच्या खर्चावर जातं. ब्लेडने उभा छेद द्यावा, साल सोलावी तसा सोलून काढावा. खालच्या अॅल्युमिनियमवर पांढरी खरपुडी दिसेल, ती बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावी. नवा होज चढवताना तेल-ग्रीस नको, थोडं पाणी किंवा कूलंटच पुरतं.

७. क्लिपने मला दोनदा परत बोलावलं

बाजारात सहज मिळते ती स्क्रू फिरवून आवळायची क्लिप. जुने मिस्त्री तिला जुबिली क्लिप म्हणतात. हे नाव एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या १९२१च्या शोधावरून आलं. शंभर वर्षं टिकलेली चीज आहे, पण बाजारातल्या नेहमीच्या क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात आणि मऊ सिलिकॉन त्या खाचांतून किसणीवर यावं तसं वर येतं. माझ्या वरच्या होजवर पंधरा दिवसांत निळा भुगा दिसला. मग आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिपा आणल्या.

दुसऱ्यांदा चूक माझीच होती, मी त्या जोर लावून आवळल्या. सिलिकॉन गरम होताना फुगतं, थंड होताना आकसतं आणि पहिल्या काही वेळांत ते क्लिपखाली बसतं. आमच्या मिस्त्रींनी सांगितलेली रीत अशी: बेताने आवळा, गाडी गरम होऊ द्या, रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी पुन्हा पाव फेरा. असं तीनदा. क्लिप काठावर नको आणि कडेवर तर नकोच. कडेच्या मागे, होजच्या टोकापासून थोडी आत. स्क्रूचं तोंड असं ठेवा, की गाडीत बसवल्यावर स्क्रूड्रायव्हर तिथे पोचेल. हे मी खालच्या होजला विसरले होते.

८. हवा राहिली की काटा खोटं बोलतो

सगळे होज बदलले म्हणजे आत भरपूर हवा शिरली, आणि हवा अडकून राहिली की काटा खरं तापमान दाखवत नाही. गाडीचं नाक चढाच्या बाजूला करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, थंड इंजिनातच टोपण काढून कूलंट भरलं आणि इंजिन चालू ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरायचं. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करू नये. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

९. नारिंगी नको

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी होज घेऊ नका. उच्च दाबाच्या विजेच्या तारा त्या रंगाने ओळखायच्या असतात. पुढेमागे त्या बोनेटखाली हात घालणाऱ्याला तो फरक क्षणात कळायला हवा.

१०. निळ्यावर डाग दिसतो

सिलिकॉनच्या भिंतीतून पाण्याची थोडी वाफ सतत बाहेर जात असते. त्यामुळे कूलंटच्या बाटलीतली पातळी रबरी होजपेक्षा लवकर उतरते. पहिल्या वर्षी मी घाबरून गळती शोधत बसले. आता महिन्यातून एकदा थंड इंजिनात खुणेपर्यंत भरते.

खरी गळती मात्र निळ्यावर लपत नाही. काळ्या होजवर सुकलेलं कूलंट मळात मिसळून जायचं. निळ्यावर त्याची हिरवट-पांढरी रेघ लगेच उठून दिसते. पॉलिश मी पूर्ण सोडलं. ओल्या फडक्याने पुसते, आणि पुसताना प्रत्येक क्लिप हाताखालून जाते.

बाबांना मात्र सुरुवातीला हे होज रुचले नाहीत. रंगाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी आयुष्यभर अंगठ्याने दाबून होजचं वय सांगितलं, आणि सिलिकॉन वर्षं उलटली तरी तसंच मऊ राहतं, अंगठ्याला काही सांगत नाही. बरेच दिवस ते दाबायचे आणि मान हलवायचे. मग कधीतरी त्यांनी टॉर्च घ्यायला सुरुवात केली. परवा सकाळी चहाआधीच खाली गेले. मी वरून पाहिलं तर बोनेट उघडं आणि ते आत वाकलेले.

‘‘खालच्या क्लिपशी हिरवं दिसतंय गं,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘रेडिएटरच्या बाजूला. मोठा स्क्रूड्रायव्हर आण.’’

मी लांब दांड्याचा घेतला, कारण आखूड तिथे पोचत नाही.