‘बिफोर’ शब्दाची जात

इंग्रजी ‘बिफोर’ शब्दाची जात विचारली म्हणजे वर्गांत तीन उत्तरें येतात, आणि तिन्ही खरीं असतात. पुढें नाम आलें, ‘बिफोर द रेन’, तर तें शब्दयोगी अव्यय. क्रियापदासह वाक्य आलें, ‘बिफोर द रेन केम’, तर उभयान्वयी. ‘आय सॉ हिम बिफोर’ असें कांहींच पुढें नसलें, तर क्रियाविशेषण. मराठींत ‘पावसापूर्वीं’ यांतील शब्दयोगी नामाला चिकटतें व बहुधा त्याचें रूप बदलतें. ‘आणि’, ‘पण’ सुटीं उभीं राहतात. इंग्रजींत ही खूण नाहीं. म्हणून पुढचें वाचल्याशिवाय जात ठरवूं नये.

‘जरी–तरी’च्या संवयीनें मुलें ‘ऑलदो द सीना वॉज इन फ्लड, बट वी वेंट’ असें लिहितात व गुण गमावतात. तेथें ‘बट’ खोडावा, नाहीं तर ‘ऑलदो’. विद्यार्थी असतां मीही दोन्ही ठेवीत असें.