पाचारण एकाला, घर दोघांचे

शास्त्रपाठ : मार्क १:२९-३१, १ करिंथ ९:३-१४. जोडवाचन : प्रेषितांची कृत्ये १८:१-३ व १८-२६.

मिशनरी रविवार आला की आपल्या शब्बाथशाळेत विल्यम कॅरीचे नाव हमखास निघते. तो जोडे शिवी, जगाचा नकाशा समोर ठेवून प्रार्थना करी, हिंदुस्थानात आला आणि कितीतरी भाषांत त्याने पवित्र शास्त्र छापले, एवढे आपली मुले धडाधड सांगतात. कॅरीसाहेबांच्या पत्नीचे नाव काय, असे विचारले तर मात्र शिक्षकही एकमेकांकडे पाहू लागतात. तिचे नाव डोरोथी. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी आपण शास्त्रपाठाकडे वळू, कारण ही अडचण कॅरीच्या काळातली नाही. ती शिमोन पेत्राच्या उंबरठ्यापासूनची आहे.

मार्काच्या पहिल्या अध्यायात शब्बाथ दिवशी कफर्णहूमच्या सभास्थानात मोठे कार्य झाले. लोक थक्क झाले. तेथून प्रभु येशू निघाला तो सरळ शिमोन आणि अंद्रिया ह्यांच्या घरी गेला. घरात शिमोनाची सासू तापाने निजून होती. घरच्यांनी लागलीच तिच्याविषयी त्याला सांगितले आणि त्याने जवळ जाऊन तिचा हात धरून तिला उठवले. शिमोनाला बायको होती हे ह्या वचनांत कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही. सासू आहे म्हणून बायको आहे, एवढेच आपण ताडतो.

ह्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी पौल करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो. त्यात तो सहज सांगून जातो की केफा, म्हणजे पेत्र, प्रवासात आपल्या पत्नीला बरोबर नेत असतो. कफर्णहूमच्या कोळीवाड्यातली ती स्त्री कुठल्या कुठे गेली पाहा! जाळी, होडी, आई, शेजारपाजार सोडून ती परक्या मुलखात नवऱ्यामागे फिरली. तिला काय वाटले, तिचे काय हाल झाले, ह्याची एक ओळ नाही. नावसुद्धा नाही.

१ करिंथ ९:५ हे वचन आपल्याकडे बहुधा एकाच कामासाठी काढतात; सेवकाने लग्न करावे की करू नये हे ठरवण्यासाठी. पण अध्याय तीन ते चौदा ह्या वचनांपर्यंत सलग वाचावा. पौलाचा मुद्दा लग्नाचा नाही, भाकरीचा आहे. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढत नाही, मळा लावणारा त्याचे फळ खातो, मळणीच्या बैलाला मुसके बांधत नाहीत, ह्या दाखल्यांच्या ओळीतच पत्नीला बरोबर नेण्याचा हक्क तो मांडतो. ह्याचा सरळ अर्थ असा की, सुवार्तिकाबरोबर जी स्त्री निघाली तिच्या पोटाची आणि राहण्याची जबाबदारी मंडळीवर आहे. पौलाने स्वतः हा हक्क वापरला नाही. परंतु दुसऱ्यांचा हक्क त्याने सोडून दिला नाही, हे आपल्या कमिट्यांनी लक्षात ठेवावे.

आता डोरोथीकडे येऊ.

१७८१ साली तिचे लग्न झाले तेव्हा तिला लिहिता येत नव्हते. नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. कॅरीपेक्षा ती पाच वर्षांनी मोठी. इंग्लंडात असतानाच त्यांच्या दोन लहान मुली देवाघरी गेल्या होत्या. १७९३ च्या आरंभी कॅरीने बंगालला जाण्याचा निश्चय सांगितला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती, पदरी तीन मुलगे होते, आणि नुकतेच फ्रान्स व इंग्लंड ह्यांच्यामध्ये युद्ध पेटले होते. ती ‘नाही’ म्हणाली. आपल्यापैकी कोणाची लेक असती तर आपण तिला दुसरे काय सांगितले असते?

कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाला. पण जहाजावर त्याला व त्याचा सोबती डॉक्टर जॉन टॉमस ह्याला नेण्यास नकार मिळाला आणि निघणे लांबले. तेवढ्यात बाळ जन्मले. दोघे पुन्हा घरी येऊन तिला विनवू लागले. तिने पुन्हा नकार दिला. दोघे निघून गेले, आणि वाटेतून टॉमस माघारी फिरला. कुटुंबाची कायमची ताटातूट होईल आणि तुला जन्मभर पस्तावा होईल, असे त्याने तिला ऐकवले. तेव्हा ती बिचारी म्हणाली की माझी बहीण किटी बरोबर येणार असेल तर येते. एका दिवसात घर विकून-बांधून ही बाई जेमतेम महिन्याच्या तान्ह्यासह निघाली. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास लागले.

टॉमस हा मनाने चांगला माणूस होता, पण ही विचारण्याची रीत नव्हे. पाचारण देवाकडून येते. भीती घालून मिळवलेला होकार हे पाचारण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंगालमध्ये पैसा पहिल्या काही महिन्यांतच संपला. आज इथे, उद्या तिथे, मग सुंदरबनाच्या कडेला. डोरोथी आणि फेलिक्स हगवणीने आजारी पडले. जिच्या भरवशावर ती आली होती त्या किटीने तेथल्याच एका इंग्रजाशी लग्न केले व ती मागे राहिली. डोरोथी नवऱ्याबरोबर उत्तरेस मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर गेली. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला. जातीच्या भयाने थडगे खणायला माणूस मिळेना. त्यानंतर डोरोथीचे मन ढळले. नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय तिला येऊ लागले; ती त्याच्यावर ओरडे, धावून जाई. शेवटी तिला खोलीत बंद ठेवावे लागे. सुमारे बारा वर्षे हे असे चालले. ८ डिसेंबर १८०७ रोजी सेरामपूर येथे ती वारली.

ह्या बारा वर्षांच्या जोडीला आपल्या मराठीच्या तारखा ठेवून पाहा. कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले १८०५ साली. मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत आले त्याच वर्षी. कोश १८१० साली, नवा करार १८११ साली. म्हणजे पंडित वैजनाथ ह्यांच्यासोबत कॅरी मराठी शब्दांची जुळणी करीत होता त्या काळात भिंतीपलीकडे ही स्त्री आक्रोश करीत होती. तिच्या मुलांना वळण लावले ते बरेचसे हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड ह्यांनी. जुन्या चरित्रकारांपैकी कित्येकांनी डोरोथीला कॅरीच्या मार्गातली धोंड म्हणून रंगवले आहे. मला ते वाचून राग येतो. मनाचा आजार हा आजारच आहे, हे आज आपण जाणतो. त्याला औषध आहे, उपचार आहेत. तेव्हा ते नव्हते. परंतु ‘बाईचा विश्वास कमी पडला’ असे म्हणण्याची सवय औषधे निघाली तरी गेली नाही.

आता बंगाल सोडून आपल्या मुंबईकडे येऊ. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांची दीक्षा झाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. नॉटबरोबर त्याची पत्नी रोक्साना होती. त्यांच्यापासूनच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात होते. त्या पाचांतला तिसरा, सॅम्युएल न्यूवेल, मुंबईस आला १८१४ साली, पण एकटा. त्याची पत्नी हॅरिएट हिच्याबरोबर तो कलकत्त्याला उतरला होता. सरकारने तेथे राहू दिले नाही म्हणून दोघे मॉरिशसकडे निघाले. समुद्रातच तिला मुलगी झाली आणि पाच दिवसांत ती गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही क्षयाने वारली. वय एकोणीस. लग्नाला दहा महिनेही झाले नव्हते. तिचे चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि ते वाचून अनेक मुली मिशनकार्यास निघाल्या.

रोक्सानाचे चरित्र तसे कोणी वाचत नाही, कारण ती मेली नाही. नॉटची प्रकृती ढासळली आणि १८१५ साली पतिपत्नी मुंबई सोडून परतली. पुढे नॉटने मायदेशी पाळकपण केले, शाळा चालवली आणि तो १८६९ पर्यंत जगला. त्याने प्रभूची सेवा कमी केली असे कोण म्हणेल? पण मंडळीचा स्वभाव असा विचित्र आहे की परदेशी मेलेल्याचे ती स्मारक बांधते आणि आजारी होऊन परतलेल्याची चौकशीही करीत नाही.

हॉल मात्र राहिला. १८१६ साली मुंबईतच त्याने मार्गारेट लुईस ह्या इंग्रज बाईशी लग्न केले. शाळा, छापखाना, रस्त्यावरचे उपदेश, भाषांतर अशी कामे चालली होती, आणि माणसे गळत होती. न्यूवेल १८२१ साली पटकीने गेला. १८२५ पर्यंत हॉल दांपत्याचे दोन मुलगे इतके अशक्त झाले की त्यांना थंड हवेत नेल्यावाचून गत्यंतर उरले नाही. मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेस निघाली, म्हणजे जो देश तिने कधी पाहिलाच नव्हता अशा नवऱ्याच्या देशाला. हॉल मागे राहिला, कारण काम सांभाळायला फार थोडे उरले होते. थोरला मुलगा प्रवासातच वारला.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे उपदेशास गेला तो तेथे पटकीची साथ. जवळची औषधे त्याने वाटून टाकली. परतताना वाटेतल्या एका खेड्यात तो देवळाच्या ओसरीवर निजला, आणि पहाटे त्यालाच पटकीने गाठले. २० मार्च १८२६. सोबत दोन ख्रिस्ती मुलगे होते, त्यांनीच त्याला पुरले. वय एकेचाळीस. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

हॉलच्या मरणाची ही गोष्ट आपण वर्गात सांगतो आणि सांगावीच. पण तेव्हा पत्र समुद्रावरून जायला महिनेच्या महिने लागत. एका किनाऱ्यावर आई लेकराच्या मरणाचे पत्र लिहिते आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून नवऱ्याच्या मरणाचे पत्र निघते, ह्या अंतरात मार्गारेटचे दिवस कसे गेले असतील ते मोठ्या मुलांना विचारावे. त्यांना कळते. धाकटा मुलगा वाचला. त्याचे नावही गॉर्डन हॉलच; पुढे तो मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थॅम्प्टन येथे पाळक झाला.

कोणी म्हणेल की ह्या सर्व दुःखांतूनच आपल्याला शास्त्र मिळाले ना? होय, मिळाले. पण देवाने दुःखातून फळ काढले म्हणून ते दुःख द्यायला आपण मोकळे होत नाही. यहेज्केलाच्या २४ व्या अध्यायात संदेष्ट्याची पत्नी संध्याकाळी मरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आज्ञेप्रमाणे कामास लागतो. ते वचन घेऊन मी सेवकांना कठोर होताना पाहिले आहे. ती त्या एकट्याला दिलेली चिन्हाची आज्ञा होती. ती नेहमीची सेवेची रीत नव्हे. आणि तेथेही देव त्या पत्नीला ‘ओझे’ म्हणत नाही, तर संदेष्ट्याच्या डोळ्यांना प्रिय असे म्हणतो. प्रिस्किल्ला व अक्विल्ला ह्यांचे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. रोममधून हाकललेले हे दांपत्य तंबू शिवून पोट भरी. नव्या करारात त्यांची नावे सहा वेळा येतात आणि एकदाही एकाचे नाव दुसऱ्यावाचून येत नाही. तेथे काम दोघांचे होते आणि दोघांनी जाणून घेतलेले होते.

बालाघाटच्या मंडळ्यांना हा पाठ दूरचा वाटू नये. समुद्र ओलांडला म्हणजेच परदेश असे नाही. माहेर भंडाऱ्याकडचे, सासर वारासिवनीचे, आणि नवऱ्याची नेमणूक घाट चढून बैहरच्या पुढे रानातल्या एखाद्या खेड्यात. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि शेजारणी आपापसात बोलतात ती गोंडी. लेकरू हिवतापाने फणफणले की बसची वाट पाहायची. नवरा चार गावे फिरतो, त्याला चार माणसे भेटतात. ती दिवसभर चार भिंतींशी बोलते. वर्षअखेरीस त्याचा अहवाल येतो : किती सभा, किती बाप्तिस्मे, किती पुस्तके वाटली. त्या अहवालात तिच्यासाठी रकाना नाही.

म्हणून नेमणुकीपूर्वी कमिटीने पत्नीशी वेगळे बोलावे. नवऱ्यासमोर नव्हे, आणि तेही मंडळीतील दोन जाणत्या भगिनींनी. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल तर तिच्या ‘हो’ ला किंमत नाही. मुलांच्या शाळेची सोय आधी ठरवावी, बदली नंतर. महिला मंडळाने वर्षातून दोनदा तिच्या घरी जावे, आणि मुक्काम करावा. चहा पिऊन परत येऊ नये. दोघांपैकी कोणी आजारी होऊन परत आले तर त्यांना पहिल्या बाकावर बसवावे.

शिक्षकांसाठी सूचना. लहान वर्गाला पेत्राच्या सासूची गोष्ट पुरे. मुलांनी ती करून दाखवावी. मधल्या वर्गाला हॉलची गोष्ट नकाशावर मुंबई, नाशिक व अमेरिका दाखवून सांगावी. डोरोथीची गोष्ट चौदा वर्षांवरील मुलांनाच सांगावी, आणि वर्गात ज्याच्या घरी असा आजार आहे त्याला आधी एकटे भेटून. मग पुढील प्रश्न घ्यावेत.

कॅरीने काय करायला हवे होते? (शिक्षकाने आपले उत्तर आधी देऊ नये.) डोरोथीच्या जागी तुझी आई असती तर? न्यूवेल, नॉट आणि हॉल ह्या तिघांपैकी कोणाला तुम्ही यशस्वी म्हणाल, आणि का? मार्क १:३० मध्ये घरच्यांनी त्या आजारी स्त्रीविषयी प्रभूला लागलीच सांगितले. आपल्या सुवार्तिकाच्या घरी आज कोण आजारी आहे, हे वर्गात कोणाला ठाऊक आहे?