दांडियाचा परवाना कुणाच्या नावावर?

नवरात्राच्या तोंडावर आमच्या सोसायटीला नोटीस आली: मैदानात वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा परवाना दाखवा. डीजेवाला म्हणाला होता, “परवान्याचं माझ्याकडे लागलं.” त्याच्याकडे निघाला तो पोलिसांचा, लाउडस्पीकरचा. त्यावर आवाजाची वेळ ठरते; गाणं वाजवायचा हक्क मिळत नाही. गाण्यांच्या ॲपचे महिन्याचे पैसे भरलेत म्हणावं, तर तेही खासगी ऐकण्यापुरतंच. विचारणा होते ती आयोजकाला.

समितीत सूर निघाला, नवरात्र म्हणजे धार्मिकच की! 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीला सूट आहे खरी. पण ती घटस्थापनेला, आरतीला. पास विकून खेळलेल्या दांडियाला ती लागू आहे म्हणणं कठीण. रहिवाशांच्या बंदिस्त सभागृहालाही सूट आहे. आमचा खेळ मात्र उघड्या मैदानात, बाहेरच्यांना पास, चहूकडे जाहिरातींचे फलक.

म्हणून आधी गाण्यांची यादी करा. एकाच गाण्यात दोन हक्क असतात. शब्द आणि चाल यांच्यासाठी बहुतेक वेळा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे जावं लागतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा: काही संगीत कंपन्यांच्या वतीने तो परवाना पीपीएल ही संस्था देते, काहींच्या वतीने नोव्हेक्स. एक पावती मिळाली की काम झालं असं समजू नका. यादीतली कोणती गाणी तिच्यात येतात ते लेखी मागा. पारंपरिक गरबा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, पण त्याची कंपनीने काढलेली रेकॉर्ड असते. ढोलवाले आणि गाणारे बोलावून तोच गरबा गायलात, तर हा प्रश्नच येत नाही.

“इतकी वर्षं कुणी विचारलं नाही,” हे वाक्य मला फार लागलं. जनरेटरच्या डिझेलचे पैसे आपण आगाऊ मोजतो आणि गीतकाराच्या पैशांवर घासाघीस करतो. गाण्याचे हक्क एकदा विकले की पुढे काही मिळत नाही, अशी गीतकार-संगीतकारांची स्थिती होती. रॉयल्टीतला त्यांचा वाटा काढून घेता येणार नाही, हे 2012 च्या दुरुस्तीने पक्कं केलं. गीतकार जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. तो वाटा आपल्यासारख्यांच्या मैदानातूनच जायचा असतो.

आम्ही दोन्ही हक्कांचे परवाने सोसायटीच्या नावावर काढले. अर्जात गर्दी आणि तिकीट खरं लिहा. डीजेच्या करारात यादीबाहेरचं गाणं वाजवायचं नाही, ही अट घाला. फर्माइशी ऐनवेळी येतातच.